कपाळावरचा चष्मा

मित्रांनो, माझं वय नऊ वर्षं. माणसांत हे वय पटापट उंची वाढण्याचं, पण चष्म्यांत नऊ वर्षं म्हणजे पिकलं पान. माझी फ्रेम तपकिरी आहे, काचा कडेला चांगल्या जाड आहेत आणि उजव्या दांडीचा स्क्रू कधीच पडून गेला आहे. तिथे मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ आहे. स्क्रूसाठी दुकानाच्या पायऱ्या कोण चढतंय, असं म्हणून माझ्या मालकिणीने ती गाठ मारली. त्याला पाच वर्षं झाली, गाठ अजून सैल पडलेली नाही. अशा बाईच्या नाकावर मी बसतो. म्हणून माझ्या बोलण्यात थोडा तोरा दिसेल, तेवढा सोसून घ्या.

माझा जन्म चष्म्याच्या दुकानामागच्या एका चिंचोळ्या खोलीत झाला. काचा एकीकडून आल्या, फ्रेम दुसरीकडून. एका अबोल कारागिराने फिरत्या चाकावर काचांच्या कडा घासल्या, त्या खाचेत दाबून बसवल्या आणि मला उजेडासमोर धरून म्हणाला, "बाटलीची बुडं झालीत." जन्मल्या जन्मल्या ही शोभा. पण करणार काय? माझा नंबर उणे आठ. तेवढा अशक्त डोळा सांभाळायचा तर काच जाडच लागते.

पुढच्याच दिवशी मला घ्यायला ती आली. मला डोळ्यांवर चढवून ती दुकानाच्या दारात उभी राहिली. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना किती चिमटे लावलेत ते तिने मोजलं. अकरा, त्यातले तीन निळे. "दिसतात," ती म्हणाली, आणि माझी छाती फुगली. चष्म्याला छाती नसते हे मला माहीत आहे.

ती रफू करते. कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, मोठ्या खिडकीपाशी तिचं टेबल आहे. कुणाच्या कोटाला कसर लागते, कुणाची शाल खिळ्याला अडकून फाटते, कुणाच्या विजारीवर ठिणगी पडते. असे कपडे तिच्याकडे येतात. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि भोक पुन्हा विणून काढते. एक धागा उभा, एक आडवा, मूळ वीण होती अगदी तशी. ठिगळ लावणं वेगळं आणि रफू वेगळं. ठिगळ दिसतं. रफू दिसला तर तो रफू कसला?

दुकान ज्यांचं आहे त्या काकूंची एक रीत आहे. काम झालेला कपडा त्या खिडकीपाशी नेतात, उजेडात धरतात आणि रफू कुठे केलाय ते शोधतात. सापडला नाही तर कपड्याची घडी घालतात आणि एवढंच विचारतात, "कुठे आहे?" शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. "कुठे आहे?" हेच आमचं बक्षीस. माझ्या नऊ वर्षांत ते चुकल्याचं मला आठवत नव्हतं.

आमचं म्हणालो खरा, पण आता एक गोष्ट कबूल करतो. ती मला सोपी जात नाही. मित्रांनो, ती रफू करते तेव्हा मी डोळ्यांवर नसतोच. गिऱ्हाईक आलं, रस्ता ओलांडायचा झाला, लेकीची वही तपासायची झाली, की मी नाकावर. पण सुई हातात घेतली की ती मला वर सरकवते, थेट कपाळावर. मग कापड नाकापासून अर्ध्या वितीवर आणते आणि उघड्या डोळ्यांनी विणत राहते. तासन्‌तास. मी तिथे वर बसून छताकडे बघतो. छतावर ओलीचा एक डाग आहे, त्याचे सगळे काठ मला पाठ आहेत. सगळ्या नाजूक कामाच्या वेळी आपल्याला बाजूला करतात याचा मला फार राग यायचा. लग्नघरात बोलावून मागच्या दाराशी बसवावं, तसं वाटायचं.

तिला मात्र याचा पत्ताच नव्हता. हात आपोआप वर जायचा, मी आपोआप वर जायचो. कुणी विचारलं तर ती सांगायची, मी दिवसभर चष्म्यात असते. खोटं नव्हतं ते. चष्मा अंगावरच होता की.

आता तिच्या दुःखाकडे येतो. तिला एक लेक आहे, सात वर्षांची, अंगाने एवढीशी, म्हणून सगळे तिला टिल्ली म्हणतात. टिल्लीला पाण्याचं वेड. दर रविवारी मायलेकी पोहण्याच्या तलावावर जातात. तलावात मला नेता येत नाही. मी पिशवीत, टॉवेलाच्या घडीत. माझ्याशिवाय तिला पाण्यात नुसते रंग दिसतात, चेहरे दिसत नाहीत. एका रविवारी, हे मी मागाहून ऐकलं, तिने टिल्ली समजून भलत्याच मुलीचा हात धरला, तिला काठावर आणलं आणि टॉवेलात गुंडाळून डोकं पुसायला लागली. मुलीने भोकाड पसरलं तेव्हा आवाजावरून तिला कळलं. खरी टिल्ली चार हातांवर पाण्यात उभी राहून बघत होती. त्या मुलीची आई समजूतदार होती, तिने हसण्यावारी नेलं. आमची रफूवालीही हसली. मग कपडे बदलायच्या खोलीत गेली, मला डोळ्यांवर चढवलं आणि रडली. पोटच्या पोरीला आई ओळखत नाही, हे काही हसण्यावारी जात नाही.

त्याच आठवड्यात तिची नणंद घरी आली. नणंदेने सहा महिन्यांपूर्वी डोळ्यांचं लेझरचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि तेव्हापासून तिला दुसरा विषय नव्हता. दहा मिनिटांचं काम, दुखत नाही, दुसऱ्या दिवशी घड्याळाचा काटा दिसतो. "वहिनी, सकाळी डोळे उघडले की छत दिसतं, आख्खं," ती म्हणाली. मला छताचं कौतुक सांगू नये कुणी. पण आमच्या बाईने ते ऐकलं आणि चहा तसाच ठेवून दवाखान्याचा पत्ता लिहून घेतला.

दवाखान्यात आधी तपासणीच्या बाई भेटल्या. पन्नाशीच्या, शांत, हात हलका. त्यांनी नंबर काढला, डोळ्यांत थेंब घातले, बुबुळावरच्या पडद्याची जाडी मोजली. मग कागद पुढे घेऊन प्रश्न विचारले. काम करताना चष्मा लावता का? "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत," ती म्हणाली. बाईंनी तसं लिहून घेतलं. मी तिथेच तिच्या मांडीवर होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. डॉक्टरांनीही सांगितलं की डोळे ऑपरेशनला योग्य आहेत, मात्र वय एकेचाळीस आहे, चार-दोन वर्षांत जवळचं वाचायला चष्मा लागेल. तिने मान हलवली. वाचायला लागला तर लागू दे, तिला पुस्तकं कुठे वाचायची होती? पुढच्या महिन्यातली तारीख ठरली.

मित्रांनो, तुम्ही विचाराल, तुला काय वाटलं? मला भीती वाटली. ती माझी स्वतःची भीती होती, तिच्यासाठीची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. चष्म्याला पेन्शन नसते. ज्या डोळ्यांसाठी मला घडवलं त्यांना माझी गरज उरली नाही, तर दुसऱ्या कुणाच्या मी काय कामाचा? नणंदेचा चष्मा कपाटाच्या खणात, सुकलेल्या पेनांच्या आणि बिनकामाच्या किल्ल्यांच्या सोबतीला गेला होता. घरात टिल्लीने कॅलेंडरवर तारखेभोवती गोल केला. येताजाता तो मलाही दिसायचा, कारण आईला जे दिसतं ते माझ्यातून. टिल्लीची बडबड हल्ली वाढली होती, तलावात तर तिचं तोंड थांबतच नसे.

ऑपरेशनच्या आधी एकदा शेवटची मोजमापं घ्यायला बोलावलं होतं. दुकानातून ती तशीच उठून गेली. यंत्रापुढे बसायचं, हनुवटी खाली टेकवायची आणि कपाळ वरच्या पट्टीला लावायचं. तपासणीच्या बाईंनी पट्टी पुसली, तिचे केस मागे सारले आणि थांबल्या. तिच्या कपाळावर, भुवयांच्या जरा वर, दोन छोट्या लालसर खुणा होत्या. शेजारी शेजारी, बोटभर अंतरावर.

"हे काय लागलंय?"

"काही नाही हो, चष्म्याच्या खुणा आहेत."

"चष्म्याच्या खुणा नाकावर पडतात," बाई म्हणाल्या. "कपाळावर कशा पडल्या?"

ती म्हणाली, काम करताना पडतात. बाईंनी विचारलं, काम करताना चष्मा कुठे असतो? तिने हात उचलला, मी जिथे बसतो तिथे कपाळावर ठेवला, आणि तिचा हात तिथेच राहिला. पंचवीस वर्षं ती रफू करते. पंचवीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता, आणि तिनेही स्वतःला विचारला नव्हता.

बाईंनी यंत्र बंद केलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी सरळ शब्दांत समजावलं. उणे आठचे डोळे लांबचं बघू शकत नाहीत, पण अगदी जवळचं त्यांना मोठं होऊन दिसतं. लोक त्यासाठी भिंग वापरतात, तुमच्या डोळ्यांतच ते आहे. ऑपरेशन झालं की लांबचं मिळेल आणि हे जाईल. गेलं की परत येत नाही. बाईंनी घाबरवलं नाही. त्यांचं स्वतःचंही हे ऑपरेशन झालं होतं आणि त्या सुखी होत्या. "पण मी दिवसभर माणसं बघते," त्या म्हणाल्या, "धागे बघत नाही. तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी करून बघा." डॉक्टरांना विचारून त्यांनी तिला डोळ्यांत घालायच्या लेन्सा दिल्या आणि आठ दिवस त्या घालून काम करायला सांगितलं. ऑपरेशननंतर साधारण तसंच दिसणार होतं. फक्त पोहताना त्या घालायच्या नाहीत, अशी ताकीद दिली.

ते दिवस मी दुकानात टेबलावर रिळांच्या डब्याशेजारी आणि घरी तिच्या पिशवीत काढले. घरात नवी सून आल्यावर म्हाताऱ्याने कोपरा धरावा तसे. खरं सांगतो, पहिले दोन दिवस ती फार आनंदात होती. चहाच्या कपावर वाकली तरी वाफेने पुढचं धूसर होत नव्हतं. मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिल्ली दिसायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, मोजकं बोलणारा माणूस. तोही म्हणाला की आज तू रस्त्यातल्या सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत आलीस.

तिसऱ्या दिवशी रफूचं पहिलं काम आलं, एक राखाडी कोट. कोपरावर वाटाण्याएवढं भोक, बारीक लोकरी वीण. कुणाच्या तरी वडिलांचा कोट होता आणि तो घालून मुलाला एका कार्यक्रमाला जायचं होतं. तिने सुई ओवली, मला वर सरकवायला हात कपाळाकडे नेला आणि हाताला काही लागलं नाही. मग कापड नाकाशी आणलं. सगळं पिंजल्यासारखं दिसलं. लांब नेलं, तेव्हा स्पष्ट झालं, पण उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे समजेना. काकूंनी कुठूनसं दांडीचं भिंग आणून दिलं. सुई त्याच्या काचेला टकटक लागायची. एका डोळ्याचं करायचं आणि एक तसाच ठेवायचा, असाही मार्ग डॉक्टरांनी सुचवला होता. म्हणून तिने एका डोळ्यातली लेन्स काढून पाहिली, तर अंदाज चुकून सुई दोनदा बोटात गेली. पुन्हा दोन्ही घातल्या. अर्ध्या दिवसाच्या कामाला दोन दिवस लागले.

काकूंनी कोट खिडकीपाशी नेला. उजेडात धरला. शोधावंच लागलं नाही. त्यांनी बोट उचललं आणि थेट रफूवर टेकवलं. "इथे," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. कोट टेबलावर ठेवून बाहेर गेल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला आनंद झाला. आता माझ्यावाचून हिचं चालणार नाही, असं मनात आलं. मग मी तिच्याकडे पाहिलं. ती कोपरावरचा तो रफू अंगठ्याने पुन्हा पुन्हा दाबत होती, दाबल्याने तो नाहीसा होईल अशा आशेने. माझी मलाच लाज वाटली. इतकी वर्षं मी छताकडे बघत रुसून बसलो होतो, आणि खाली जे चाललं होतं त्याची किंमत मलाही कळली नव्हती.

संध्याकाळी तिने लेन्सा काढून ठेवल्या आणि नवऱ्याशी बोलली. "शाळेत मला ढापणी म्हणायचे," ती म्हणाली. "मी ऐकून घ्यायचे, कारण मलाही वाटायचं की माझे डोळे अधू आहेत. आणि आजवर जे काही केलं ते ह्याच डोळ्यांनी केलं. मला माहीतच नव्हतं."

नवरा म्हणाला, मग नको करूस ऑपरेशन. ती म्हणाली, "आणि तलावात काय करू?" लिफ्ट असती तर उघडून बघितली असती, तो म्हणाला, डोळ्यांतलं मला काय कळणार. पण तो तिच्याजवळ बसून राहिला, आणि तिला तेवढं पुरलं. एकीकडे हात, एकीकडे लेक. कुठल्याही पारड्यात वजन घाला, दुसरं वर जाणारच.

दुसऱ्या दिवशी तिने मला लावलं, दुकानात गेली आणि कोटावरचा रफू उसवला. एकेक धागा. मग मला वर सरकवलं. सकाळी सुरुवात केली आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत भोक भरलं. काकूंनी कोट खिडकीत धरला. या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला, अस्तर उलटून पाहिलं. "कुठे आहे?" त्या म्हणाल्या. ती हसली नाही. पण त्याच दुपारी दवाखान्यात जाऊन तिने ऑपरेशनची तारीख रद्द केली.

तपासणीच्या बाईंना तिने सांगितलं की निर्णय झाला, वाईट मात्र वाटतंय. मग मन मोकळं केलं. तलाव, भलतीच मुलगी, टॉवेल, सगळं. बाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी विचारलं, नंबरचा पोहण्याचा गॉगल मिळतो, तो कधी आणला नाही का? तिने विचारलं, तसा मिळतो? बाई म्हणाल्या, चष्म्याच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मागवून मिळतो. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि मला काढून पुसावं लागलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. लांबचं बघायचं तेव्हा माझ्यातून, जवळचं तेव्हा उघड्या डोळ्यांनी, आणि पाण्यातलं या नव्या गॉगलमधून. एका बाईला तीन तऱ्हेचं बघणं लागतं, त्यात लाजायचं काय?

गॉगल आला त्या रविवारी मी नेहमीसारखा पिशवीत होतो. पिशवी काठावर होती. त्यामुळे मला दिसलं काहीच नाही, जे ऐकलं ते सांगतो. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मग त्या दोघी माझ्या शेजारी येऊन बसल्या, पाय पाण्यात सोडून. टिल्ली हळूच म्हणाली, "आई, मी आता गप्प पोहू?"

"म्हणजे?"

"म्हणजे आता बोलत नाही राहिले तर चालेल का? बोलताना नाकात पाणी जातं. तुला मला शोधावं लागू नये म्हणून मी त्या दिवसापासून बोलत असायचे."

आईने टिल्लीला जवळ ओढल्याचा आवाज तेवढा आला. ओल्या अंगाला ओलं अंग लागल्याचा. तलावावरच्या सगळ्या बायका तिला बडबडी म्हणायच्या. आईही म्हणायची, आणि मीही मनातल्या मनात म्हणायचो. मग पाण्यात उडी पडली, आणि त्यानंतर मला टिल्लीचा आवाज ऐकू आला नाही. ती पोहत होती.

मित्रांनो, ऑपरेशन करू नका असं मी सांगत नाही. नणंद सुखी आहे, तपासणीच्या बाई सुखी आहेत. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. पण डॉक्टर विचारतील तेव्हा दिवसभर तुम्ही काय बघता आणि कशाने बघता, हे आठवून, खरं खरं सांगा. आम्हा चष्म्यांना काचा खाली करून पालथं ठेवू नका, सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, आम्हाला ओरखडे पडतात. आणि तुमच्या घरात कुणी फार बोलत असेल तर त्याला लगेच गप्प करू नका. तुम्हाला त्याचा चेहरा दिसतोय ना, एवढं आधी पाहून घ्या.